एसएसडी टाकली तरी मशीन अडकतंच? पार्टिशन कुठून सुरू होतं ते आधी बघा

डिस्क नवी, रॅम पुरेशी, व्हायरस नाही, तरी काम करताना मशीन मधेच अडकतं. एकच भलीमोठी फाइल कॉपी केली तर वेग ठीकठाक दिसतो. पण हजारो बारक्या फायलींचं फोल्डर हलवायला घेतलं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप लावला किंवा विंडोजचं अपडेट सुरू झालं, की डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रत्यक्ष वेग सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकलं की थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच रडगाणं. काही ठिकाणी तर डिस्क बदलूनही फरक पडत नाही.

इंदूरमध्ये जुनं मशीन टाकून न देता चालवत राहायची रीत आहे, आणि ती मला मनापासून पटते. जेल रोडवर रॅम, डिस्क, केबल सगळं मिळतं, मग नवा कॉम्प्युटर कशाला? पण अशा वर्षानुवर्षं वाढवत आणलेल्या मशीनमध्ये एक दोष हमखास लपून बसतो, आणि तो डिस्क बदलून जात नाही. तो म्हणजे चुकीच्या जागेवरून सुरू झालेलं पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग, सी किंवा डी ड्राइव्ह), म्हणजेच पार्टिशनचं मिसअलाइनमेंट.

मुळात होतं काय, ते नीट समजून घेतलं तर पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात.

हार्ड डिस्कवर माहिती सेक्टरमध्ये लिहिली जाते. पूर्वी एक सेक्टर ५१२ बाइटचा असे. २००९च्या अखेरीपासून ४०९६ बाइटच्या सेक्टरच्या डिस्क बाजारात यायला लागल्या. त्यांना ॲडव्हान्स्ड फॉरमॅट म्हणतात. २०११पासून नव्या डिस्क सर्रास अशाच येऊ लागल्या. जुनी सॉफ्टवेअर बिघडू नयेत म्हणून या डिस्क बाहेरून ५१२ बाइटचेच सेक्टर दाखवतात, पण आत खरा सेक्टर ४०९६चा असतो. बाहेरचे आठ मिळून आतला एक.

आता विंडोज एक्सपीची गोष्ट. जुन्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या हिशेबात एका ट्रॅकवर जास्तीत जास्त ६३ सेक्टर धरले जात. पहिला ट्रॅक बूट रेकॉर्डसाठी राखून एक्सपी पहिलं पार्टिशन ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू करायचं. ६३ गुणिले ५१२ म्हणजे ३२,२५६ बाइट. त्याला ४०९६ने भागा, उत्तर येतं ७.८७५. पूर्णांक नाही. इथेच घोडं पेंड खातं.

एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली ठेवायची पद्धत, साधारणपणे ४०९६ बाइटच्या तुकड्यांत, म्हणजे क्लस्टरमध्ये लिहितं. सुरुवात ६३वर असली की प्रत्येक क्लस्टर दोन खऱ्या सेक्टरांवर आडवा पडतो. त्याचा एक-अष्टमांश भाग आधीच्या सेक्टरमध्ये आणि उरलेले सात भाग पुढच्या सेक्टरमध्ये. एकही क्लस्टर यातून सुटत नाही. भिंतीतली पहिली वीट तिरकी बसली की वरचा एकूण एक थर तिरका जातो, तसं.

डिस्कला अर्धा सेक्टर लिहिता येत नाही. त्यामुळे ४ केबी लिहायला सांगितलं की ती आधी दोन्ही सेक्टर वाचते, त्यातला हवा तो भाग बदलते आणि मग दोन्ही परत लिहिते. वाचून झाल्यावर तीच जागा पुन्हा हेडखाली यायला तबकडीचा एक पूर्ण फेरा जावा लागतो. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या) डिस्कवर एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद लागतात, ५४०० आरपीएमवर ११.११. डिस्कची कॅश, म्हणजे तिची तात्पुरती स्मृती, यातलं बरंच झाकून घेते, पण बारक्या फायलींचा मारा सुरू झाला की कॅश पुरत नाही आणि फेरे दिसायला लागतात. मोठ्या सलग फाइलला मात्र सुरुवातीचं आणि शेवटचं टोक सोडलं तर फारसा त्रास होत नाही. म्हणून तर दुकानात एक मोठी फाइल कॉपी करून दाखवतात आणि डिस्क ‘ओके’ ठरते.

एसएसडीमध्ये तबकडी नसते, त्यामुळे फेऱ्याचा प्रश्न नाही. पण तिच्या पेजचा, म्हणजे एकावेळी लिहायच्या तुकड्याचा, आकार ४ केबी, ८ केबी, १६ केबी असा असतो आणि पेज अर्धवट बदलता येत नाही. इथेही एका लिखाणाची दोन होतात. वेग तर घटतोच, शिवाय जास्तीच्या लिखाणाने एसएसडीचं आयुष्यही खर्ची पडतं.

व्हिस्टापासून पुढे, म्हणजे २००७पासून, विंडोज पहिलं पार्टिशन १ एमबीवर सुरू करतं: २०४८वा सेक्टर, १०,४८,५७६ बाइट. ४०९६ने भागलं की बरोबर २५६. मग आज, इतक्या वर्षांनी हा दोष येतो कुठून?

रामबागेतल्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात याचं उत्तर अगदी स्वच्छ दिसलं. जुलैत रिटर्न भरायची घाई, समोर अशील बसलेले, आणि एंट्री सेव्ह केली की स्क्रीन गोठायचा. मशीनमध्ये विंडोज १० आणि एसएसडी.

“काका, डिस्क कधी बदलली?”

“अरे, गेल्या दिवाळीला. मी दुकानवाल्याला बजावलं होतं, बाबा रे, माझं काही हलता कामा नये. तो म्हणाला, साहेब, जसंच्या तसं उतरवून देतो.”

जसंच्या तसं उतरवून दिलं होतं, हे अक्षरशः खरं होतं. ते मशीन मुळात एक्सपीचं. पुढे विंडोज ७ टाकलं तेव्हा सी ड्राइव्ह फक्त फॉरमॅट केला, पार्टिशन पुसून नवं केलं नाही. विंडोज ७वर विंडोज १०चं अपग्रेड झालं. मग ती अख्खी डिस्क सेक्टरला सेक्टर लावून एसएसडीवर क्लोन झाली. तीन विंडोज आणि दोन डिस्क झाल्या, पण पार्टिशनची सुरुवात एक्सपीच्या काळातल्या ६३वरच राहिली.

हे लक्षात ठेवा: फॉरमॅट, डीफ्रॅग, चेकडिस्क, विंडोज अपग्रेड यातलं काहीही पार्टिशनची सुरुवात हलवत नाही. पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत एमबीआर बदलून नवी जीपीटी केली तरी हलत नाही. आणि सेक्टर-टू-सेक्टर क्लोन तर हा दोष नव्या डिस्कवर इमानेइतबारे पोचवतो. त्रास पुन्हा पुन्हा उगवतो तो यामुळे.

तपासायचं कसं

एक पैसा लागत नाही आणि कशाला धक्काही लागत नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, एमएसइन्फो३२ टाइप करा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप मात्र रोमन अक्षरांतच करायच्या.) सिस्टिम इन्फर्मेशनची खिडकी उघडेल. डावीकडे कंपोनंट्स, त्यात स्टोरेज, त्यात डिस्क्स. उजवीकडे खाली सरकत जा, ‘पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट’ ही ओळ प्रत्येक पार्टिशनसाठी वेगळी दिसेल. तो आकडा कॅल्क्युलेटरवर ४०९६ने भागा. उत्तरात दशांश आला की पार्टिशन चुकलेलं.

दोन आकडे तर बघताक्षणी ओळखता येतात. ३२,२५६ दिसला की एक्सपीचा वारसा, चुकलेलं. १०,४८,५७६ दिसला की ठीक. विंडोज ७च्या मशीनवर सी ड्राइव्हचा आकडा बऱ्याचदा १०,५९,०६,१७६ असतो. भागून २५,८५६ येतात, म्हणजे तेही ठीक.

पण पहिलं पार्टिशन बघून थांबू नका. डी आणि ई यांचे आकडे वेगळे भागायचे, कारण जुन्या पद्धतीत प्रत्येक लॉजिकल ड्राइव्ह (एक्स्टेंडेड नावाच्या मोठ्या पार्टिशनच्या आत पाडलेला) स्वतःचे ६३ सेक्टर सोडून सुरू व्हायचा. उदाहरणार्थ, सी साधारण ४९ जीबीचा असेल तर डीची सुरुवात ५२,४२,७९,६६,९७६ अशी दिसू शकते. भागाकार १,२७,९९,७९६.६२५. चुकलेलं. हिशेबाचा डेटा बहुधा डीवरच असतो, त्यामुळे सी नीट असूनही टॅली रखडते, हे अनेकदा याच कारणाने.

दुसरी तपासणी, डिस्कचा खरा सेक्टर किती आहे याची. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफएसयुटिल एफएसइन्फो सेक्टरइन्फो सी: ही कमांड द्या. विंडोज ८पासून ती चालते. फिजिकल सेक्टरच्या ओळीत ४०९६ आला तर डिस्क ॲडव्हान्स्ड फॉरमॅटची. जुन्या हार्ड डिस्कवर ५१२ आला, तर तिथे ६३वरून सुरू झालेल्या पार्टिशनने काही बिघडत नाही, तिला हात लावू नका. फक्त ती पुढे क्लोन करताना सावध राहा. एसएसडीच्या बाबतीत मात्र या ५१२वर विश्वास ठेवू नका. अनेक एसएसडी बाहेर ५१२ सांगतात आणि आत मोठ्या पेजवर काम करतात. एसएसडीला नेहमी ४०९६चाच निकष लावायचा. यूएसबीच्या डब्यात बसवलेली डिस्कही खरं सांगेलच असं नाही, तिला थेट साटा केबलवर लावून बघा.

लिनक्सवाल्यांसाठी सोपं आहे: पार्टेडमध्ये अलाइन-चेक ऑप्टिमल आणि पुढे पार्टिशनचा नंबर, एवढं दिलं की ते स्वतःच सांगतं.

एक फसवा प्रकार आवर्जून सांगतो, कारण यात आकडा बरोबर दिसून पार्टिशन चुकलेलं असतं. वेस्टर्न डिजिटलच्या सुरुवातीच्या ॲडव्हान्स्ड फॉरमॅट डिस्कवर, एक्सपीची सोय म्हणून, ७ आणि ८ नंबरच्या पिनांवर जंपर लावायची व्यवस्था होती. जंपर लावला की डिस्क सगळे सेक्टर एकाने पुढे सरकवते. ६३चा आत ६४ होतो आणि एक्सपी सुखाने चालतं. पुढे कोणी त्याच डिस्कवर जंपर न काढता विंडोज ७ किंवा १० टाकलं, की २०४८चा आत २०४९ होतो. सिस्टिम इन्फर्मेशन १०,४८,५७६ दाखवत राहतं आणि डिस्क मात्र रखडते. जुनी डिस्क असेल तर मागची पिनांची बाजू एकदा डोळ्यांनी बघाच. जंपर सापडला तर आधी डेटा बाहेर काढा, मग जंपर काढा आणि पार्टिशन नव्याने करा. डेटा आत असताना जंपर उपटला तर पार्टिशन दिसेनासंच होईल.

दुरुस्तीआधी

हाच त्रास दुसऱ्या कारणांनीही होतो, त्यामुळे डिस्कची तब्येत आधी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या ओळी वाचा. तिथे रॉ व्हॅल्यू शून्य नसेल तर पार्टिशन हलवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आजारी डिस्कवरून अख्खं पार्टिशन सरकवणं म्हणजे डेटा घालवण्याची खात्रीची वाट. डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला. सी७चा आकडा वाढत असेल तर साटा केबल बदलून बघा, कधी कधी तेवढ्यानेच काम होतं.

मग पूर्ण बॅकअप, दुसऱ्या डिस्कवर. आणि बॅकअपमधली एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. हिशेबाचा डेटा असेल तर टॅलीमधून वेगळा बॅकअपही घ्या.

फक्त डेटाचा ड्राइव्ह चुकलेला असेल तर काम सोपं. डेटा बाहेर काढा, डिस्क मॅनेजमेंटमधून ते पार्टिशन पुसा (लॉजिकल ड्राइव्ह असतील तर बाहेरचं एक्स्टेंडेड पार्टिशनही पुसा, नाहीतर जुनी चौकट राहते), विंडोज ७, १० किंवा ११मधून नवं करा, डेटा परत आणा. सुरुवात आपोआप बरोबर जागी येते. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडने करायचं असेल तर क्रिएट पार्टिशन प्रायमरी अलाइन=१०२४; हा आकडा केबीमध्ये असतो, म्हणजे १ एमबी.

सी ड्राइव्हला दोन रस्ते आहेत.

पहिला, आणि माझ्या मते चांगला: नवी डिस्क घ्या, तिच्यावर आधी बरोबर पार्टिशन करा आणि विंडोज त्यात फायलींच्या रूपाने उतरवा, सेक्टरच्या रूपाने नाही. यासाठी विकत काही घ्यावं लागत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन चालू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिझम या विंडोजच्याच साधनाने कॅप्चर-इमेज देऊन जुन्या सी ड्राइव्हची विम फाइल (सगळ्या फायली एकात बांधलेली इमेज) बाहेरच्या डिस्कवर घ्या. नव्या डिस्कवर डिस्कपार्टने पार्टिशन करून अप्लाय-इमेज द्या. शेवटी बीसीडीबूटने बूटच्या फायली बसवा. मशीन बायोसवर चालतं की त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयवर त्याप्रमाणे बूटचं पार्टिशन वेगळं असतं, तेवढं आधी पाहून घ्या. सगळी सॉफ्टवेअर, डेस्कटॉप होतं तसं राहतं, फक्त ६३ मागे सुटतो. काकांच्या ऑफिसात हेच केलं. हे जमणार नसेल आणि मशीनवर सॉफ्टवेअर मोजकीच असतील तर सगळी पार्टिशन पुसून विंडोज नव्याने टाकणं केव्हाही उत्तम.

दुसरा रस्ता म्हणजे आहे त्याच डिस्कवर पार्टिशन सरकवणं. पार्टिशन हलवायच्या जीपार्टेड या साधनाचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, पार्टिशन निवडा, रिसाइज/मूव्हमध्ये पार्टिशनच्या आधीची मोकळी जागा (फ्री स्पेस प्रिसीडिंग) १ एमआयबी, म्हणजे वर सांगितलेला १ एमबी, ठेवा आणि अलाइन टूमध्ये एमआयबी निवडा. त्याआधी विंडोजमध्ये पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑफ देऊन हायबरनेशन बंद करा, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं. चेकडिस्क चालवा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर पूर्ण काढा, आणि मशीन रीस्टार्ट न करता शटडाउन करा. सरकवायचं अंतर एक एमबीपेक्षाही कमी असलं तरी आतला सगळा डेटा उचलून पुढे ठेवावा लागतो, त्यामुळे यात तास जातात. मधे लाइट गेली तर पार्टिशन अर्धवट राहील. यूपीएस नसेल तर हे काम करू नका. पावसाळ्यात तर यूपीएस असला तरी त्याची बॅटरी किती टिकते ते आधी बघा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा.

सरकवल्यावर विंडोज चालू झालं नाही तर घाबरू नका. एमबीआर डिस्कवर विंडोजच्या बूट नोंदीत डिस्कची सही आणि पार्टिशनची सुरुवात अशा दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. सुरुवात बदलली, म्हणून नोंद जुळत नाही. इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवा, नाहीतर बीसीडीबूटने नोंद नव्याने करा. ड्राइव्हच्या अक्षरांचंही तसंच. कालचा डी आज ई होऊन बसतो आणि टॅलीला कंपनी सापडत नाही. डेटा गेलेला नसतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदलून पूर्ववत करा.

काम झालं की सिस्टिम इन्फर्मेशन पुन्हा उघडून भागाकार करा. एसएसडी असेल तर ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज एकदा चालवा. फरक पडला का ते अंदाजाने ठरवू नका. बारक्या फायलींचं एकच फोल्डर दुरुस्तीआधी आणि नंतर कॉपी करून घड्याळ लावा. चुकलेलं पार्टिशन हेच कारण असेल तर फरक तिथे दिसेल. दिसला नाही तर कारण दुसरं आहे: रॅम कमी, एसएसडी काठोकाठ भरलेली, ट्रिम (एसएसडीला रिकामी झालेली जागा कळवायची सोय) बंद, किंवा शिंगल्ड प्रकारची हार्ड डिस्क, जी मोठ्या लिखाणात मुळातच मंदावते.

पुन्हा होऊ नये म्हणून

कॉलेजच्या लॅबमध्ये, सायबर कॅफेत, दहा-वीस मशीनांच्या ऑफिसात एक ‘मास्टर इमेज’ ठेवलेली असते. ती एक्सपीच्या काळात बनलेल्या मशीनवरून घेतली असेल तर ती जिथे उतरेल तिथे ६३ उतरेल, मग मशीन कालच विकत घेतलेलं का असेना. अशी इमेज बाद करा. बरोबर पार्टिशन असलेल्या एका मशीनवरून नवी घ्या, आणि अख्ख्या डिस्कची न घेता पार्टिशनची घ्या, म्हणजे ती आधी बनवलेल्या पार्टिशनमध्ये उतरवता येते.

काही ठिकाणी एक्सपी अजून लागतंच. जुना वजनकाटा, कापण्याचं मशीन, फार पूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ला संपला, तेव्हा ते इंटरनेटला जोडू नका, पण चालवायचंच असेल तर डिस्कवर आधी विंडोज ७ किंवा जीपार्टेडने पार्टिशन करून घ्या आणि एक्सपीला त्या तयार पार्टिशनमध्ये बसवा. ते तिथे बिनतक्रार बसतं. त्यानंतर एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशन बनवू-पुसू नका. नव्या पद्धतीने केलेले लॉजिकल ड्राइव्ह त्यातून नाहीसे होऊ शकतात. व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीलाही हाच नियम.

डिस्क बदलायला दुकानात द्याल तेव्हा ‘जसंच्या तसं’ एवढंच सांगून येऊ नका. क्लोन केलात तर पार्टिशन १ एमबीवर आणून द्या, असं स्पष्ट सांगा, आणि मशीन ताब्यात घेताना काउंटरवरच एमएसइन्फो३२ उघडून तो आकडा बघा. जुनी डिस्कही मागून घ्या. नव्या डिस्कवरून महिन्याभराचं काम, एखादं जीएसटी रिटर्न, एक पूर्ण बॅकअप आणि त्या बॅकअपमधून परत घेतलेली एक कंपनी, एवढं सुरळीत होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.